डाव्या पडद्यावरची नावं

"परत गेलं," शरयू म्हणाली आणि हेडफोन कानांवरून ओढून तिने गळ्यात घेतले.

हेडफोनमधून डॉक्टरांचा आवाज अजून बारीक येतच होता. उजव्या पडद्यावर कुणाच्या तरी पोटाचा रिपोर्ट दीड ओळीवर थांबला होता. त्यापुढचा अख्खा परिच्छेद तिने टाइप केला होता, बोटांना तो आठवतही होता, पण तो कुठे गेला हे कळायला मार्ग नव्हता.

गोविंद आतल्या खोलीतून आला. सेंटरमधले सगळे कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे त्याच्याच गळ्यात होते. तिशी ओलांडलेला, सडपातळ, बोलताना नेहमी मान थोडी खाली घालणारा मुलगा. तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"कर्सर कुठे होता, ताई?"

"मी कर्सर बघत नाही रे. मी ऐकते आणि लिहिते."

"हां, पण एकदा लिहून दाखवा ना. मी बघून राहिलो आहे."

तिने लिहून दाखवले. एकही अक्षर चुकले नाही, एकही हरवले नाही. गोविंद समोर असला की मशीन असे शहाण्यासारखे वागायचे. डॉक्टरांच्या समोर दुखणे थांबावे तसे.

"बघा ना, आता तर ठीक आहे," तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून खुर्ची ओढून बसला. "काय होतं ताई, कीबोर्ड एकच असतो आणि खिडक्या दहा उघड्या असतात. ज्या खिडकीवर फोकस, तिकडेच अक्षरं जाणार. तुम्हाला वाटतं तुम्ही उजवीकडे लिहिताय, पण मधेच डावीकडच्या पडद्यावर काही उघडलं की फोकस तिकडे पळतो. मग तुम्ही लिहिता ते सगळं तिकडे."

"तिकडे कुठे? तिकडे तर नुसती नावं आहेत."

"तेच शोधायचंय," गोविंद म्हणाला.

हिंदी मुलखातल्या या शहराच्या कंपू भागात दवाखान्यांची जी रांग आहे, तिच्यातच हे खासगी सेंटर होते. सीटी स्कॅन, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या. शरयू गर्दे तिथे रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टर फिल्म बघून बोलून ठेवत आणि ती ते ऐकून उतरवत असे. शाळा संपल्यावर पाटणकर बाजारातल्या टायपिंगच्या क्लासात ती शिकली होती. तिथले मास्तर मुलींच्या हातांवर रुमाल टाकून टाइप करायला लावत. नजर खाली जाता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. तेव्हापासून तिची नजर कधी खाली गेली नाही. इथे कामाला लागल्यावर तर ती डोळे अर्धवट मिटूनच ऐकत असे. डॉक्टर श्वास कुठे घेतात, कुठे अडखळतात, कुठे त्यांना काहीतरी वाईट दिसले आहे, हे तिला आवाजावरून आधी कळायचे. तिच्या हातून गेलेल्या रिपोर्टात चूक निघत नाही अशी तिची ख्याती होती. त्यामुळे संध्याकाळी निघताना डॉक्टर सगळे रिपोर्ट एकदम निवडून, न वाचता, एका बटणाने सही करून मोकळे होत.

दोन पडदे आले ते मागच्या उन्हाळ्यात. डावीकडे पेशंटची यादी, उजवीकडे रिपोर्ट. यादीतल्या नावावर गेले की त्याचा रिपोर्ट उजवीकडे आपोआप उघडायचा. काम दुप्पट वेगाने होईल असे सांगण्यात आले होते, आणि झालेही. फक्त अधूनमधून शब्द नाहीसे होऊ लागले.

गोविंदने काय काय केले नाही? कीबोर्ड बदलला. माउसची वायर बदलली. उजवा पडदा मुख्य केला, मग डावा केला, मग परत उजवा. कोपऱ्यात उगवणाऱ्या सूचना एकेक करून बंद केल्या. एका दुपारी तो जेवणाचा डबा घेऊन तिच्या शेजारीच बसून राहिला आणि डाव्या पडद्यावरून त्याने डोळा हलवला नाही. तेव्हा त्याला चोर दिसला. स्कॅनच्या खोलीतून नवा पेशंट आला की डाव्या पडद्यावर एक छोटी चौकट क्षणभर उघडायची आणि आपली आपण मिटायची. तेवढ्या क्षणात फोकस यादीवर जाऊन पडायचा.

"सापडलं, ताई," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला की शरयूला हसू आले. त्याने ती चौकट बंद केली. शब्द हरवायचे थांबले. शरयूने दुसऱ्या दिवशी घरून त्याच्यासाठी साटोऱ्या करून आणल्या.

मग सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीने नवे अपडेट टाकले आणि चौकट पुन्हा उगवू लागली. या वेळी ती बंद करायची सोयच त्यांनी काढून टाकली होती. गोविंदने फोन केले, मेल केले. पुढच्या अपडेटमध्ये बघू, असे उत्तर आले.

शरयू गरिमा मॅडमकडे गेली. गरिमा सेंटरची सगळी व्यवस्था बघायची. मराठ्यांच्या घरातली, घरी मराठीच बोलणारी, पण सेंटरच्या दारातून आत आली की हिंदीत शिरायची.

"मला एकच पडदा द्या," शरयू म्हणाली. "पूर्वीसारखा. माझं काम अडत नव्हतं."

"ताई, अब सब जगह दो ही हैं," गरिमा म्हणाली. मग आवाज उतरवून मराठीत आली. "तुम्ही स्क्रीनकडे बघून टाइप करा ना. बाकी सगळे बघूनच करतात."

शरयू बघून टाइप करू लागली. पण बघायला लागल्यावर तिला ऐकू येईना. डॉक्टरांचे वाक्य मागे पुढे व्हायचे, थांबवून परत ऐकावे लागायचे. काउंटरवर पेशंट तिष्ठत बसू लागले. रिपोर्ट का अडला म्हणून फोन येऊ लागले. वेग कमी झाला आहे, असे गरिमाने दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना ती खुर्चीवर बसा म्हणाली नाही. मग शरयूने पुन्हा डोळे अर्धवट मिटून घेतले. शब्द हरवल्याचे दिसले की ती परत लिहायची. जे हरवल्याचे दिसतच नसे, त्याचा विचार तिने केला नाही.

*

विश्वासराव इंगळे सेंटरमध्ये आले तेव्हा थंडी पडली होती. पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, उंच, मिशा पांढऱ्या, गळ्यात मफलर. त्यांनी काउंटरवर आरडाओरडा केला नाही. हातातली पिशवी गरिमाच्या टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले. थोड्या वेळाने शरयूला आत बोलावण्यात आले. डॉक्टर होते. गोविंद होता.

"पावसाळ्यात माझ्या बायकोचा स्कॅन इथं काढला," विश्वासराव म्हणाले. "सुमन इंगळे. रिपोर्ट आला, छातीत काही नाही. आम्ही पेढे वाटले. दिवाळीनंतर तिला बोलताना धाप लागायला लागली. दिल्लीला नेली. तिथल्या डॉक्टरनं नवा स्कॅन नंतर काढला, आधी तुमचीच सीडी लावून बघितली. म्हणाला, गाठ तर यातच दिसतेय. मग रिपोर्टात का नाही लिहिली?"

डॉक्टरांनी सीडी लावली.  ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या मानेवरची शीर हलताना शरयूला दिसली.

"यह दिखता है," ते अखेर म्हणाले. "मैंने बोला ही होगा. इतना बड़ा है, मैं छोड़ नहीं सकता."

"मग?"

"टाइपिंग में रह गया होगा."

डॉक्टरांचे बोलणे तपासायचे तर ते आता कुठेच उरले नव्हते. आवाजाच्या फायली जुन्या झाल्या की मशीन त्या आपोआप पुसून टाकायचे. सगळ्यांच्या नजरा शरयूकडे वळल्या. तिला तो दिवस आठवेना, सुमन इंगळे हे नाव आठवेना. इतकी नावे तिच्या हातांखालून गेली होती. पण डॉक्टर खोटे बोलत नाहीत हे मात्र तिला कळले. त्यांनी ते सांगितलेच असणार, आणि तिने ते ऐकले असणार, आणि लिहिलेही असणार.

"मी लिहिलेलं दुसरीकडे गेलं असेल," ती म्हणाली. "दोन पडदे आल्यापासून होतंय. मी सांगितलं होतं. गोविंदला माहीत आहे."

गरिमा गोविंदकडे वळली. "गोविंद, सिस्टम में ऐसा हो सकता है?"

दोन पडद्यांची ही सगळी मांडणी गोविंदने सुचवली होती. हेच सॉफ्टवेअर घ्या, असेही त्यानेच सांगितले होते, आणि त्याच जोरावर त्याला कायम करण्यात आले होते. शरयूला हे ठाऊक होते. त्याने टेबलाच्या कडेवर अंगठा घासला. बराच वेळ घासला.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "सिस्टम ठीक आहे."

विश्वासरावांनी त्याच्याकडे पाहिले, मग शरयूकडे. पोलिसांत उभे आयुष्य काढलेल्या माणसाची नजर होती ती. ते पिशवी उचलून जायला निघाले, दारात थांबले आणि फक्त एवढेच म्हणाले, "तिला अजून वाटतंय, डॉक्टरांना तेव्हा दिसलंच नसेल. मी तिला तसंच सांगितलंय."

त्याच संध्याकाळी गरिमाने शरयूचे ओळखपत्र मागून घेतले. काही दिवस आराम करा, असे ती म्हणाली. ते काही दिवस संपणार नाहीत, हे दोघींनाही कळत होते.

घरी अभिराम भाजी निवडत बसला होता. शरयूचा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून ती दोघेच त्या दोन खोल्यांत राहत. शरयूने लग्न केले नव्हते, आणि का केले नाही हे विचारणारी माणसेही आता उरली नव्हती. तिने चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच सगळे सांगून टाकले.

अभिरामने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "चूक तुझी आहे का, शरू?"

"मशीनची आहे. डॉक्टर वाचत नाहीत, त्यांची आहे. गोविंद खोटं बोलला." ती थांबली. "पण हात माझे होते ना, दादा."

 उठून त्याने तिच्यापुढे पाणी ठेवले.

*

पुढच्या आठवड्यात ती शहराच्या हजीरा भागात गेली. कशासाठी जाते आहे, हे अभिरामने विचारले तेव्हा तिला सांगता आले नाही. जायला हवे एवढेच तिला वाटत होते. इंगळ्यांचे घर विचारत विचारत सापडले. दार विश्वासरावांनीच उघडले. त्यांनी तिला ओळखले आणि दार अडवून उभे राहिले.

"आता काय राहिलंय?"

"मला ताईंना भेटायचंय. एकदाच."

"तिला त्रास नको."

वरून आवाज आला, "कोण आहे हो? येऊ द्या की."

सुमनताई गच्चीवर उन्हात खाटेवर बसल्या होत्या. गोऱ्या, अंगावर स्वेटर आणि वरून शाल. समोर सुपात मटार होते आणि त्या सावकाश सोलत होत्या. शरयूने खाटेच्या पायथ्याशी वेताच्या मोड्यावर बसून जे होते ते सांगितले. डॉक्टरांना गाठ दिसली होती. त्यांनी ती सांगितली होती. माझ्या हातांनी ती लिहिली, पण तुमच्या रिपोर्टात ती गेली नाही. विश्वासराव जिन्याच्या दाराशी उभे होते. हे ऐकताना त्यांनी तोंड फिरवले.

सुमनताईंनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, टरफल वेगळे ठेवले.

"म्हणजे डॉक्टरला दिसली होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"हे मला म्हणाले, तेव्हा कुणालाच दिसणार नव्हती. मी पण म्हटलं, असेल. त्यानं जरा बरं वाटत होतं." दम लागून त्या थांबल्या. "आता दिल्लीवाले म्हणतात, हाडांत उतरलंय."

शरयूला माफी मागायची होती. तोंडाशी आलेला शब्द तिला फार लहान वाटला, म्हणून तिने तो उच्चारला नाही. तिने सुपातली एक शेंग उचलली आणि सोलू लागली. दोघी बराच वेळ सोलत राहिल्या. खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होते.

"एक विचारू?" सुमनताई म्हणाल्या. "तुम्ही लिहिलं तर खरं. मग ते गेलं कुठं?"

"काय?"

"माझी गाठ हो. माझ्या कागदावर नाही आली, तर कुणाच्या कागदावर गेली?"

शरयूच्या हातातली शेंग तशीच राहिली. सेंटरमधल्या त्या खोलीत डॉक्टर होते, गरिमा होती, ती स्वतः होती. हे कुणाच्या मनातही आले नव्हते. हरवलेले शब्द हरवले, कुठेतरी हवेत विरले, असेच तीही समजून चालली होती.

"कुणीतरी बिचारं घाबरून बसलं असेल," सुमनताई म्हणाल्या. "त्याला सांगा जाऊन."

*

गोविंदचा फोन लागला तेव्हा तो आधी सेंटरच्या बाहेर आला. मग म्हणाला, "ताई, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"माहीत आहे. आता माझं ऐक."

तिने त्याला काय हवे ते सांगितले. त्याने तारीख लिहून घेतली. मग दुपारच्या सुट्टीत रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर येतो म्हणाला. आला तेव्हा त्याने चहा सांगितला नाही. उभ्याउभ्याच बोलू लागला.

"सापडलं. त्याच दिवसाचा, संग्रामसिंह जगताप नावाच्या पेशंटचा रिपोर्ट आहे. सुरुवातीला लिहिलंय, दोन्ही फुफ्फुसं साफ. आणि खालच्या ओळीत उजव्या फुफ्फुसात एकच गाठ. एकाच रिपोर्टात दोन्ही. डॉक्टरांनी सही केलेली आहे."

"पण त्याच्याच रिपोर्टात का?"

गोविंदने घसा साफ केला. "तुम्ही सुमनताईंचा रिपोर्ट लिहीत होतात. तेवढ्यात ती चौकट उघडली असणार. फोकस यादीवर गेला. डॉक्टरांचं पुढचं वाक्य सॉलिटरी, म्हणजे एकच, या इंग्रजी शब्दानं सुरू होतं. तुम्ही एस दाबला. यादीत एस दाबला की एसवरून सुरू होणाऱ्या पहिल्या नावावर यादी उडी मारते. सुमनच्या आधी संग्रामसिंह होता. त्याचा रिपोर्ट उजवीकडे उघडला, फोकस परत त्या रिपोर्टवर आला, आणि पुढचं सगळं तुम्ही त्यात लिहिलंत." तो थांबला. "एका अक्षरानं, ताई."

शरयूने टपरीच्या बाकावर हात टेकला.

"मी आज मॅडमना सांगितलं," गोविंद म्हणाला. "सगळं. मी काय बोललो होतो ते पण. त्या म्हणतात आधी वकिलाला विचारू, तोपर्यंत कुणी काही करायचं नाही."

"पत्ता आहे?"

त्याने तिच्याकडे पाहिले. मग खिशातून मोबाइल काढून पत्ता तिला वाचून दाखवला. मुरार भागातला होता.

"तुझं काय होईल?"

"बघू," गोविंद म्हणाला. तो रस्ता ओलांडून परत सेंटरकडे गेला.

*

मुरारमध्ये बाजारामागच्या एका गल्लीत संग्रामसिंह जगतापांचे घर होते. बैठे घर, समोर ओटा, खिडकी बंद. शरयूने कडी वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडले. पन्नाशीचा माणूस. एकेकाळी अंगाने भरलेला असावा. शर्ट आता खांद्यांवरून ओघळत होता. दाढी वाढलेली. मागे भिंतीवर शाळेतल्या मुलांच्या खो-खोच्या संघांचे फोटो ओळीने लावलेले होते आणि प्रत्येकात एका कडेला शिट्टी गळ्यात घालून तो उभा होता.

"कोण आपण?"

"मी शरयू गर्दे. तुम्ही पावसाळ्यात कंपूत छातीचा स्कॅन काढला होता, तिथे टाइप करायचे मी."

"मला काही इलाज करायचा नाही," तो म्हणाला. आवाजात चिडकेपणा नव्हता. "माझ्या बायकोचा झाला होता. सगळं करून बघितलं होतं. ती दोन वर्षं हाल काढून गेली. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्यावर आली तर मी हे करणार नाही. तुम्ही कशाला तकलीफ घेतली?"

"मला आत येऊ द्या," शरयू म्हणाली. "तुम्ही बसा आधी."

तो बसला. तिने त्याला सांगितले. सुमनताईंना सांगितले होते त्याहून कमी शब्दांत, कारण वाटेत ई-रिक्षात बसून तिने एकेक वाक्य मनाशी लावून ठेवले होते. तो ऐकत होता. मधे त्याने एकदा डोळे मिटले.

"मतलब," तो म्हणाला, "मला ती गाठ नाही?"

"मी डॉक्टर नाही. तुम्ही दुसरीकडे परत काढून घ्या. पण ती गाठ तुमची नव्हती. तुमच्या रिपोर्टात डॉक्टरांनी लिहायला सांगितलं होतं ते पहिलंच, की फुफ्फुसं साफ आहेत."

"खोकला तर दसऱ्यालाच गेला होता. मी म्हटलं, आत उतरला असेल." तो स्वतःशीच बोलत होता. मग वर पाहून म्हणाला, "आणि ज्यांची होती?"

"त्यांचं उशिरा कळलं. त्यांनीच मला तुमच्याकडे पाठवलं."

त्याने हळूहळू मान हलवली. उठला, पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला. घरात दुसरे कुणी असल्याची काहीच खूण नव्हती. चुलीकडच्या बाजूला एकच ताट, एकच वाटी पालथी घातलेली.

"तुमच्या घरी कुणी?" शरयूने विचारले.

"आई होती माझ्याजवळ. ब्याऐंशीची. मी शाळेतली नोकरी सोडली, मग म्हटलं, हिनं सूनही जाताना बघितली, आता मुलगा जाताना कशाला बघायचा. तिला कळू दिलं नाही. देवासला धाकट्या बहिणीकडे पोचवून आलो. सांगितलं, दोन महिने राहा, मी घराचं काम काढतोय." तो खिडकीकडे बघत बोलत होता. खिडकी बंदच होती. "ती रोज फोन करायची. काम झालं का रे संग्राम, कधी येतोस न्यायला. मी म्हणायचो, होतंच आलंय. माझं वजन उतरलं होतं. खाणं जातच नव्हतं. अशा तोंडानं तिच्यासमोर जायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, मी गेलो की बहीण सांगेल तिला काहीतरी."

शरयूला पुढचे ऐकायचे नव्हते. पण ती हलली नाही.

"कार्तिकात गेली ती. झोपेतच. मी पोचलो तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते, कारण मीच जास्त आजारी दिसत होतो." तो खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "शेवटच्या फोनवर म्हणाली, भिंतीला कोणता रंग दिला ते तरी सांग."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. शरयूचे हात तिच्या मांडीवर होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं असणार." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "मी तिच्याजवळ राहू शकलो असतो. एवढंच आता डोक्यात फिरतंय. बाकी काही नाही. तुम्ही म्हणताय ते चांगलंच आहे ना? मी बरा आहे म्हणजे. पण ते आत पोचतच नाहीये."

त्याने चहाचे विचारले. ती नको म्हणाली, पण तो आत गेलाच. दूध नव्हते. परत येऊन त्याने तसे सांगितले आणि ओशाळल्यासारखा उभा राहिला. शरयू उठली. परत स्कॅन करायला मी येते सोबत, असे ती म्हणाली. त्याने त्या बाईंचे नाव काय, एवढे विचारले.

"सुमन. सुमन इंगळे. हजीऱ्याला राहतात."

"मी जाईन भेटायला," तो म्हणाला. "त्यांना चालत असेल तर."

पायांत चप्पल सरकवून तो तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. ऊन चांगले होते. शेजारच्या ओट्यावरची बाई त्याला बाहेर आलेला बघून गहू निवडायची थांबली. तो ई-रिक्षा येईपर्यंत उभा राहिला, रिक्षावाल्याला त्यानेच हात केला, शरयू नीट बसली का ते पाहिले आणि नमस्कार केला.

रिक्षा वळण्याआधी तिने मागे पाहिले. तो घराकडे निघाला होता. रस्ता मोकळा होता, सपाट होता, दुपारचे ऊन त्यावर पसरले होते. तो आजारी माणसाच्या सवयीने कडेकडेने, एक हात भिंतीला टेकवत, प्रत्येक दारापाशी क्षणभर दम खायला थांबत चालला होता.